कोपरा फाटलेली कार्डं

माझा भाऊ हरिहर पातूरकर तुम्हाला माहीत असण्याचं काही कारण नाही. अमरावतीत अंबागेटच्या आत आमचं भाड्याचं घर आणि तिथून चालत पंधरा मिनिटांवर एका ट्रस्टचा दवाखाना. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, चादरी वाळत घालतात त्या व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे. त्या खोलीत तो गेली वीस वर्षं लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासतो. तो डॉक्टर नाही. इंटर सायन्सला असताना वडील गेले, शिक्षण थांबलं, आणि नागपूरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन तो त्या खोलीत जो बसला तो बसलाच. या वीस वर्षांत दवाखान्याच्या कागदांवरचं राज्याचं नाव तीनदा बदललं, दादाचं स्टूल तेच राहिलं.

गेल्या वर्षी दवाखान्यातले सर्जन डॉक्टर वामनराव यांनी त्याला एक परदेशी मासिक दाखवलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत तिकडच्या लोकांना एक वेगळंच प्रोटीन सापडलं होतं. ते रक्तात ओळखता आलं तर रोगी कुठल्या वाटेनं जाणार हे पुढंमागं आधीच सांगता येईल, असं त्यात होतं. दादानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "रोगी घरी गेल्यावर त्यांची पुढची खबर यांना कोण आणून देणार?" घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं. त्या प्रश्नाचं मूळ माझ्यात आहे, आणि ते एकदा लिहून टाकावं म्हणून हे लिहिते आहे. मी कुंदा, त्याची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात. लोक फारसं चुकत नाहीत.

दादाचं काम मी एकदाच नीट पाहिलं. रक्त काढून ठेवलं की गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं. त्या पाण्यात प्रोटीनं असतात. त्यातलं अल्ब्युमिन नावाचं मुख्य प्रोटीन तो वेगळं काढायचा आणि निळ्या द्रावणात घालायचा. द्रावण जांभळं व्हायचं. जांभळा जितका गडद तितकं प्रोटीन भरपूर, आणि ते किती हे एक यंत्र आकड्यात सांगायचं. दादा आधी डोळ्यानं आकडा सांगायचा, मग यंत्रात बघायचा. त्याचा डोळा क्वचितच चुकायचा.

हे काम करता करता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. आतड्याच्या कॅन्सरचे रोगी आमच्याकडे यायचे तेच उशिरा. गावात कुणीतरी मूळव्याध म्हणून वर्ष-सहा महिने औषध दिलेलं असायचं. रक्त जाऊन जाऊन माणूस पांढराफटक. त्यातल्या काहींचा जांभळा रंग गडद यायचा, काहींचा अगदी फिका. फिक्या रंगाची माणसं ऑपरेशननंतर टिकत नाहीत, असं दादाला वाटू लागलं. त्यानं ते वामनरावांना सांगितलं. वामनराव हाताचे कुशल आणि स्वभावानं कोरडे. ते म्हणाले, "वाटतं म्हणून मी सुरी चालवत नाही, पातूरकर. वही घाला. पाच वर्षांनी दाखवा."

तेव्हा १९५६ साल होतं. दादानं वही घातली. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन जो रोगी जिवंत घरी गेला त्याचं नाव, गाव, अल्ब्युमिनचा आकडा, आणि पुढं एक रिकामा रकाना. रकाना भरायला त्यानं जवाबी कार्डं धरली. एका कार्डावर आपण लिहायचं, त्याला जोडलेल्या दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ठेवायचा, म्हणजे खेड्यातल्या माणसाला चार ओळी लिहून ते नुसतं डब्यात टाकायचं राहतं. दर सहा महिन्यांनी रविवारी दुपारी तो ही कार्डं लिहायला बसायचा. "आपल्या रुग्णाची प्रकृती कशी आहे, कृपया कळवावे." एवढंच. दवाखान्याच्या टपालाचा काही भरवसा नव्हता, कारकुनाच्या टेबलावर कागद महिनोन्महिने पडायचे. म्हणून दादानं परतीचा पत्ता घरचा दिला.

घरी टपाल दुपारी एकच्या सुमाराला येतं. माझी शाळा सकाळची, तेव्हा ते माझ्याच हाती पडायचं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. कार्ड हातात आलं की वाचण्याआधीच कळतं. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि हात धुऊन आत यायचं. जवळच्या नात्यातलं असेल तर पुढचं सुतक-अंघोळ वगैरे. परक्याचं असेल तर फाडलं, संपलं. वऱ्हाडात शंभरातली नव्वद घरं हेच करत आली आहेत आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलेलं नाही.

त्या साली गोदावरीवहिनीला दिवस गेले होते. आधीची दोन मुलं जन्मून आठवड्याभरात गेलेली. आमची भागीरथाआत्या अकोल्याहून मुद्दाम येऊन राहिली होती. तिनं मला बाजूला घेऊन बजावलं, "कुंदे, दारावर वाईट टपाल आलं तर तिच्या दृष्टीस पडू देऊ नको. हरिहरलेही सांगू नको, त्याच्या तोंडावरून तिले कळन." मी हो म्हटलं. मला ते पटलंही होतं. वहिनीवर माझा जीव होता, आणि दादा असा की रोगी गेल्याचं कळलं तर त्या संध्याकाळी नीट जेवायचा नाही.

पहिलं कोपरा फाटलेलं कार्ड तिवसा भागातल्या एका गावाहून आलं. मी दारात उभी राहून नाव वाचलं, फाडलं, हात धुतले. दोन महिन्यांनी दुसरं आलं. वहिनीला मुलगी झाली, ती जगली, आत्या अकोल्याला परत गेली. पण घरात आता लहान मूल होतं आणि माझ्या हाताला सवय लागली होती. पुढची कार्डं मी नाव-गावापलीकडं वाचतही नव्हते. फाटका कोपरा दिसला की झालं. बरी खबर असलेली कार्डं मात्र न चुकता दादाच्या टेबलावर ठेवायची. तो आल्या आल्या विचारायचा, "काही टपाल?" मी म्हणायची, "टेबलावर आहे." हे खोटं नव्हतं. मला वाटायचं, जिव्हाळ्यापोटी तो रोग्यांची विचारपूस करतो. माणूस गेला, विचारपूस संपली. वहीबद्दल त्यानं घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दोघं एका ताटातलं खाऊन मोठे झालो, पण एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही असा आमचा उगाचच एक ताठा होता.

एकसष्ट सालच्या जानेवारीत नत्थुजी आले.

ते दर्यापूरजवळच्या एका खेड्यातले. पंचावन्नच्या आसपासचे, उंचेपुरे, घरची चांगली काळी जमीन. आठ महिने मूळव्याधीचं औषध खाऊन पायांवर सूज आली तेव्हा बायको जमुनाबाईंनी ऐकलं नाही, जीपमध्ये घालून त्यांना घेऊन आल्या. माणूस गमत्या होता. तपासायला रक्त घेताना दादाला म्हणाले, "घ्या, भाऊ. उरलंसुरलं तुमीच घ्या, घरी न्याले काही ठेवू नका." दादा हसला. मग त्यानं निळ्या द्रावणात ते पाणी घातलं आणि रंग पाहून त्याचं हसू गेलं. इतका फिका जांभळा त्यानं फार थोड्यांचा पाहिला होता.

वामनरावांपुढं दोन रस्ते होते. एक, गाठ काढून आतडं जोडण्याचं मोठं ऑपरेशन लगेच करायचं. दुसरा, आधी छोटा छेद देऊन आतड्याला पोटावर वाट करून द्यायची, म्हणजे अडलेला मळ मोकळा होतो. मग महिना-दोन महिने दूध, अंडी, रक्त देऊन माणसाला अंगानं भरू द्यायचं आणि नंतर गाठीला हात घालायचा. दुसऱ्या रस्त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात गाठ वाढण्याची भीती असते. वामनरावांनी दादाला वही घेऊन बोलावलं. पाच वर्षं होत आली होती.

दादानं वाचून दाखवलं. एकूण सदतीस रोगी. चांगल्या अल्ब्युमिनचे एकवीस, त्यातल्या सोळांची खबर आलेली, चौदा ठीक, दोन गेलेले. कमी अल्ब्युमिनचे सोळा, त्यातल्या सातांची खबर आलेली, सहा ठीक, एक गेलेला. गेलेले जे तीन कळले ते सुटीच्या दिवशी आलेल्या नातेवाइकांकडून किंवा बाजारात कुणी भेटलं म्हणून. बाकीचे रकाने रिकामे.

"म्हणजे फरक नाही," वामनराव म्हणाले.

"आकड्यात दिसत नाही, साहेब. पण मन म्हणतं की फरक आहे."

"मन राहू द्या. आकडा काय म्हणतो ते सांगा."

"आकडा म्हणतो, फरक नाही."

त्याच दुपारी जमुनाबाई दादाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, डॉक्टर मोठे मानूस. त्याईले इचाराची हिंमत नाही होत. तुमी रोज रक्त पायता. तुमीच सांगा, कापू द्याचं का घरी न्याचं?" दादा कधी कुणाला भरवसा देत नसे. ते आपलं काम नव्हे, असं म्हणून तो बाजूला व्हायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "होऊ द्या ऑपरेशन. अशा रक्ताचे लोकही बरे होऊन घरी गेले आहेत. माझ्या वहीत आहेत." जमुनाबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

मोठं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी आतली शिवण सुटली. नत्थुजींच्या अंगात जखम भरून काढण्याइतकंही बळ नव्हतं. पुन्हा पोट उघडलं, पुन्हा शिवलं. सहा आठवड्यांनी त्यांना जीपमध्ये गादीवर निजवून घरी नेलं तेव्हा ते दादाला म्हणाले, "भाऊ, कार्ड पाठवान ना? जवाब देतो मी." दादानं नेहमीचे सहा महिने थांबायचं सोडून तिसऱ्याच महिन्यात कार्ड टाकलं.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. आम्ही जेवायला बसलो होतो, वहिनी वाढत होती. दादा म्हणाला, "नत्थुजींच्या घरून काही आलं नाही अजून. जवाब देतो म्हणाले होते."

मी सहज म्हटलं, "आलं की. गेल्या मंगळवारी. कोपरा फाटका होता, टाकलं फाडून."

"फाडलंस?"

"मग? घरात ठेवायचं असतं का ते?"

"कुंदा, याआधी कधी फाडलीस अशी?"

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "जी आली ती सगळीच."

"किती?"

मला माहीत नव्हतं. तो हात धुऊन उठला, वही आणली आणि रिकाम्या रकान्यांपुढची नावं एकेक करून वाचू लागला. काही नावांना मी मान हलवली. काहींना म्हटलं, आठवत नाही. वहिनी वाढायची पळी हातात धरून तशीच उभी होती. मी बोलत होते आणि बोलता बोलता मला कळत चाललं होतं. ते रकाने रिकामे नव्हतेच. ते भरून दारापर्यंत येत होते आणि मी ते उंबऱ्यावर फाडत होते. जे जगले ते टेबलावर, जे गेले ते गटारात. त्यातून जो आकडा निघाला तो वामनरावांनी ऐकला.

दादा रागावला असता तर बरं झालं असतं. मी लहानपणापासून त्याच्यावर तोंड सोडत आले आहे, त्यानं एकदा तरी परत सोडायला हवं होतं. त्यानं वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं निघू. तू चल. बायका तुझ्याशी बोलतील."

आम्ही सात रविवार फिरलो. एसटीनं जिथवर जाता येई तिथवर, पुढं बैलगाडी, नाहीतर पायी. चौदा घरं होती. कुणाच्या ओसरीवर बसायचं, पाणी घ्यायचं आणि विचारायचं. जवळजवळ सगळीकडे तेच उत्तर. "आमी कार्ड धाडलं होतं ना." एका म्हाताऱ्यानं तर तारीखही सांगितली. कमी अल्ब्युमिनचे जे नऊ जण बेपत्ता होते त्यांतले आठ वर्षाच्या आत गेले होते. नववा धडधाकट निघाला. तो मुलाकडे अकोल्याला राहायला गेला होता, म्हणून कार्ड पोचलं नव्हतं. चांगल्या अल्ब्युमिनच्या पाचांतले दोन गेलेले, तिघांनी आळसापायी लिहिलं नव्हतं. म्हणजे दहा कार्डं. नत्थुजींचं धरून अकरा.

आता आकडा बोलला. एकविसांतले चार गेले होते, सोळांतले नऊ. दादाचा डोळा पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

परतीच्या गाडीत एकदा मी म्हटलं, "दादा, मला निदान दोन शिव्या तरी दे." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला गेलेल्यांची खबर जास्त हवी आहे, हे मी घरात सांगायला हवं होतं. पण ते कसं सांगायचं होतं? गोदावरीपुढं? त्या दिवसांत?" मग थोड्या वेळानं, "एवढी खेडी, एवढी माणसं, आणि कार्डानं एकही मृत्यू कळत नाही, हे मला खटकलं होतं. मी म्हटलं, लोक वाईट लिहायचं टाळत असतील. मीही त्याच घरातला ना."

वामनरावांनी नवी पानं वाचून विचारलं, "ही नोंद जानेवारीत का नव्हती?" दादा म्हणाला, "माझ्याकडून राहिली, साहेब." एवढंच. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात रंग फिका आला तर गाठीला लगेच हात लावत नाहीत. आधी वाट करून देतात, माणसाला भरतात, मग ऑपरेशन. गेल्या सात वर्षांत त्यामुळं किती जण वाचले हे दादाच्या वहीत आहे. टपाल आता दवाखान्यातच येतं, कोपरा फाटलेलंसुद्धा. कार्डांची पेटी त्याच्या स्टुलाखाली असते. वहीवर पाटी नाही, दादाचं नाव नाही. कुणी छापलं नाही आणि त्यानं कुणाला छापायला सांगितलं नाही.

नत्थुजींच्या घरी मात्र तो सगळ्यात शेवटी गेला. तिथं विचारायचं काही नव्हतं, सांगायचं होतं. मी येऊ नये असं त्याला वाटत होतं. मी गेले.

जमुनाबाई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मग आपणच म्हणाल्या, "मी कार्ड धाडलं होतं, भाऊ. गुर्जीनं लिवलं, कोपरा मीनंच फाडला. भेटलं का नाही?"

"भेटलं," दादा म्हणाला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. तो अडखळत होता, पण त्यानं काही गाळलं नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा माझी नोंद चुकीची होती. ती बरोबर असती तर डॉक्टरांनी आधी लहान ऑपरेशन केलं असतं, त्यांना बळ आणलं असतं.

जमुनाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग थे वाचले असते?"

"सांगता येत नाही. गाठ मोठी होती. पण असे नसते गेले. कदाचित चार-दोन वर्षं राहिले असते."

त्यांनी हाताला लागलेला कोंडा झटकला. घरात सुनेच्या हातून कपबशीचा आवाज झाला. मग त्यांनी विचारलं, "काहून चुकली नोंद?"

"माझ्या हातून," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "त्याच्या हातून नाही, बाई. माझ्या हातून. माणूस गेल्याची कार्डं आमच्या घरी यायची ती मी दारातच फाडायची. त्याला सांगायची नाही. म्हणून त्याच्या वहीत गेलेली माणसं आलीच नाहीत. तुमचं कार्डही मीच फाडलं."

मी शिव्यांची तयारी करून आले होते. शाप दिला असता तरी घेतला असता. जमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. या बाईला एवढं रडायला काय झालं, असं.

"मंग? फाडाचंच असते थे, बाई," त्या मला समजावत म्हणाल्या. "घरात कोनी ठेवते काय? तुमच्या जागी मी असती तं मीनंही फाडलं असतं."